अनोळखी माणसाला टपालानं दिवाळीची भेट : यंदा करायचं का?

गोदाकाठची (गंगाखेड)

राम राम मंडळी,

गेल्या दिवाळीत आपल्यातल्या काही जणांनी हौसेनं एक खेळ केला होता. नावं टोपण, ओळख फक्त या संकेतस्थळावरच्या लिहिण्यातून, तरी एकमेकांना टपालानं दिवाळीची भेट पाठवायची. चिठ्ठ्या टाकल्या, पत्ते वाटले, भेटीला ३०० रुपयांची मर्यादा घातली, टपालखर्च ज्याचा त्याचा. मग फोटो आले, वाहवा झाली. ज्यांचे फोटो आले नाहीत त्यांचं काय झालं हे मात्र कुणी विचारलं नाही. मला खासगीत निरोप आले, "ताई, मी पाठवलं, मला काहीच आलं नाही." एका बाईंना बँकेचं कॅलेंडर आलं, चालू सालाचं, दिवाळीत! उलट एका भावाला इतकी भारी साडी आली की मर्यादा गेली उडत, आणि आता त्यांना वाटतंय आपण दिलेल्या पणत्या फारच हलक्या झाल्या.

यंदा परत करायचं असेल तर आधी मोकळेपणानं बोलू. अनोळखी माणसाला घरचा पत्ता द्यावा का? ज्याला ओळखत नाही त्याला द्यायचं तरी काय? आणि सगळ्यात अवघड, ज्याला काहीच येत नाही त्याचं काय करायचं?

घटस्थापनेपर्यंत ठरलं तर यादी करता येईल.

---

खवट_पेढा

कॅलेंडर मी पाठवलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. सगळे माझ्याकडंच बघतात.

---

पुण्यात_लातूरकर

माझं मत, जरूर करा. हे जगात नवं नाही. रेडिट या इंटरनेटवरच्या गप्पांच्या जागेवर असाच खेळ २००९ साली सुरू झाला, नाताळातला 'सीक्रेट सांता'. जगभरातली माणसं नाव-गाव माहीत नसलेल्या माणसाला खोकी पाठवायची. २०१३ साली एका बाईंना खोकं आलं, उघडून बघते तर पाठवणारा बिल गेट्स! आत एक कापडी गाय होती, आणि त्या बाईंच्या नावानं गेट्सनी गरजूंना जनावरं देणाऱ्या संस्थेला देणगी दिली होती. २०२१ नंतर रेडिटनं ते बंद केलं, पण इतकी वर्षं चाललं म्हणजे काहीतरी जमलं असणार.

त्यांच्यात एक गोष्ट चांगली होती. तुम्ही ज्याला पाठवता त्याच्याकडून तुम्हाला येत नाही. तुम्हाला तिसराच कुणीतरी पाठवतो. त्यामुळं "मी पाचशेचं दिलं, त्यानं पन्नासचं दिलं" हा हिशोब बसतच नाही. आपल्याकडं गेल्या वर्षी जोड्या लावल्या, तिथंच घोळ झाला.

---

मोंढ्याचा_आप्पा (लातूर)

पुणेकर, तुमचं सगळं बरोबर असंल. पण ज्यानं दिलं त्याला द्यायचंच नाही, हे काय मनाला पटत नाही बगा. आमच्या घरी लग्नातल्या आहेराच्या वह्या आहेत, माझ्या आज्यापासूनच्या. कुणी काय घातलं, टॉवेल-टोपी की भांडं की रोख, सगळं लिवलेलं. त्याच्या घरी कार्य निघालं की वही काढायची, बघायचं आणि त्यापेक्षा जरा वरचढ करायचं. सगळी सोयरीक त्या वहीवर उभी हाय. आता तुम्ही म्हणता की एकानं द्यायचं आणि दुसऱ्याकडनं घ्यायचं. मंग वहीत लिवायचं काय?

गेल्या वर्षी माझ्या नावानं घरच्यांनीच भाग घेतला होता. जालन्याच्या कुण्या पोरानं मोसंबीचा मुरंबा पाठवला. हिनं दुसऱ्याच दिवशी त्याला शेंगदाण्याचे लाडू पाठवले, जोडीतली त्याची भेट आधीच गेलेली असताना. कारण काय, तर "त्याच्या आईला काय वाटंल?"

---

हौ_भाई (संभाजीनगर)

आप्पा, जालन्याच्या पोराला शेंगदाण्याचे लाडू फुकटात मिळाले? हौ, मग माझं नाव पण काकूंच्या यादीत टाका ना. मुरंबा मी विकत आणून पाठवतो, क्या बात है!

---

डाकमामा (नांदेड)

टपाल खात्यात जन्म गेला, आता निवृत्त. मला कौतुक भेटीचं नाही, पत्त्याचं. गेल्या वर्षीची यादी मी बघितली होती. निम्मे पत्ते बघून मला खुर्चीतून उठावंसं वाटलं.

पहिली गोष्ट पिन. आपल्या मराठवाड्यात पिन दोन-तीन घराण्यांतले आहेत. संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड आणि बीडचा बराच भाग ४३१ मध्ये. लातूर-धाराशिव मात्र ४१३, म्हणजे सोलापूरच्या गोतावळ्यात. बीडमधली आष्टी तर ४१४, नगरच्या बाजूला. आता उदगीरचा पिन ४१३५१७ आणि अंबाजोगाईचा ४३१५१७. एक आणि तीनची जागा बदलली की उदगीरची चकली अंबाजोगाईला. छाननी करणारा पहिले तीन आकडे बघून पिशवीत टाकतो, त्याला तुमच्या चकलीची जात-पात माहीत नसते.

दुसरी गोष्ट, मु. पो. हे. आपण सवयीनं 'मु. पो.' लिहितो. ज्या गावात पोस्ट नाही, तिथं मुक्काम वेगळा आणि पोस्ट वेगळं लिहायचं. मु. अमुक, पो. तमुक, ता., जि. आणि बुद्रुक की खुर्द हे लिहायचंच. पिंपळगाव, बोरगाव, वडगाव आपल्याकडं किती आहेत, मोजायला बसू नका. ह्याच गोंधळापायी पिन आला, १५ ऑगस्ट १९७२ ला. आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी माणूस, संस्कृतचे पंडित. त्यांच्या सहा आकड्यांचा मान ठेवा.

तिसरं, 'रजिस्टर करून पाठवा' असं आता सांगू नका. २०२५ मध्येच रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय. नोंदणीची सोय जादा पैसे भरून स्पीड पोस्टावरच मिळते, ओटीपी सांगितल्यावरच पार्सल द्यायची सोयही आहे. ती घेतली तर मोबाइल नंबर बरोबर द्या. मागल्या वर्षी एकानं सासऱ्याचा नंबर दिला, सासरा तीर्थयात्रेला. पार्सल परत.

---

निळी_शाई (हिंगोली)

मामा, साष्टांग नमस्कार. हा प्रतिसाद छापून कपाटाला चिकटवते.

पत्त्याबद्दल मला बोलायचंय. आप्पांना वहीची काळजी आहे, आम्हा मुलींना वेगळी. मी वसतिगृहात राहते. अनोळखी माणसाकडून पार्सल आलं की वॉर्डनबाई उघडायला लावतात आणि "कुणाचं गं?" हा प्रश्न पाच वेळा येतो. घरचा पत्ता दिला तर आई विचारते, "त्याला पत्ता कसा कळला?" टोपणनावानं लिहिणाऱ्या बाईनं पत्ता दिला की टोपण गेलंच.

तरी मी असे खेळ खेळते, कारण पोस्टक्रॉसिंग करते. २००५ मध्ये पोर्तुगालमध्ये सुरू झालेलं आहे. तुम्ही एका अनोळखी देशातल्या माणसाला पोस्टकार्ड पाठवायचं, ते पोचलं की तुमचा पत्ता भलत्याच कुणाला जातो आणि तुम्हाला कार्ड येतं. आप्पा, तिथंही परतफेड नाही! पहिलं कार्ड फिनलंडहून आलं. पोस्टमनदादांनी उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, "ताई, अस्वलाचं चित्र हाय, पण बिल कायचं हाय?" नंतर प्रत्येक कार्ड ते स्वतः वाचून मगच देतात. आता त्यांना माझ्याइतकीच वाट असते.

---

डाकमामा (नांदेड)

पोरी, एक जुना मार्ग आहे. पत्त्यावर आपलं नाव, त्याखाली 'पोस्ट रेस्टान्टे' आणि मुख्य डाकघराचं नाव-पिन. पार्सल पोस्टातच थांबतं, ओळखपत्र दाखवून खिडकीवरून न्यायचं. टोपणनाव मात्र चालत नाही, ओळखपत्रावरचंच नाव हवं. आणि आधी खिडकीवर विचारून घ्या, नव्या पोरांना कधी कधी सांगावं लागतं.

---

बिंदुसरा (बीड)

घरच्या पत्त्याऐवजी दुकान, शाळा, दवाखाना, ऑफिस हे सगळ्यात बरं. मी कामाच्या ठिकाणचा पत्ता देते. तोटा एकच, पार्सल सगळ्यांसमोर उघडावं लागतं आणि खायचं असेल तर घरी काही पोचत नाही.

आता माझी कथा. मागच्या वर्षी मला मुंबईच्या एका ताईंचं नाव आलं. बीडचं सीताफळ म्हणजे आमचा जीव की प्राण, बालाघाटच्या डोंगरातलं, त्याला भौगोलिक मानांकन आहे. मला वाटलं, दुसरं काय द्यायचं! कडक, डोळे नुसते उघडायला लागलेले बघून निवडले, गवत घातलं, पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडली. दोन दिवसांत जाईल असा हिशोब. मधे रविवार आला, सुट्टी आली. खोकं पोचलं तेव्हा त्यातून पांढरं दूध पाझरत होतं आणि मुंग्यांनी आधीच दिवाळी केली होती. त्या ताई मोठ्या मनाच्या. त्यांनी लिहिलं, "वास फार छान होता."

मानांकन आहे, पण पार्सलात ते टिकत नाही.

---

खवट_पेढा

मुंग्यांनी फोटो टाकला का?

---

येसर_मेतकूट (परभणी)

गोदाताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहिते, कारण माझं भांडण तिथं आहे.

गेल्या वर्षी मला ज्यांचं नाव आलं त्यांनी आवडीनिवडीच्या रकान्यात लिहिलं होतं, "काहीही चालेल." बस. बाई की बाप्या, तरुण की म्हातारे, गोड खातात की साखर वर्ज्य, वाचतात की नाही, पत्ता नाही. आपण म्हणतो हा माणूस साधा. मी म्हणते, त्यानं सगळा भार माझ्यावर टाकला. 'काहीही चालेल' लिहिणाऱ्याला शेवटी जे मिळतं ते 'काहीही'च असतं. कॅलेंडरवाल्या बाईंनी रकान्यात काय लिहिलं होतं, बघा जरा.

मी काय केलं? त्यांनी इथं लिहिलेले सगळे प्रतिसाद उकरून काढले. एका जुन्या धाग्यात, तिसऱ्याच विषयावर, त्यांनी सहज लिहिलं होतं की हैदराबादला बदली झाल्यापासून आमटीला चव नाही. मला तेवढं पुरे झालं. येसर, म्हणजे आमटीत घालायचं भाजणीचं पीठ, करायला घेतलं.

करणं तर रोजचंच. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ, उडीद, तांदूळ वेगवेगळं मंद आचेवर भाजायचं, धने-जिरं वेगळं, मिरच्या शेवटी, नाहीतर घरभर ठसका. गिरणीवाल्याला सांगावं लागतं की आधी कुणाची हळद दळलेली नको. दळून आलं की ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्यायचं. इथंच घाई होते. कोमट येसर पिशवीत भरलं तर आत वाफ धरते, गुठळ्या होतात. मग दुहेरी पिशवी, तोंड मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून चिकटवलं, दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यात घातलं, झाकणावर चिकटपट्टी. डबा हलवला की आवाज येता कामा नये. रिकाम्या जागेत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबले. वरून पांढरं कापड शिवलं, आई शिवायची तसं, आणि त्यावर काळ्या शाईनं पत्ता.

आत एक चिठ्ठी : पाणी किती, फोडणीत लसूण कधी, आणि येसर आधी गार पाण्यात कालवून घ्या, उकळत्यात टाकू नका.

त्या गृहस्थांचं (गृहस्थ निघाले!) उत्तर आलं ते तीन पानी. वर्तमानपत्राचे बोळेसुद्धा त्यांनी सरळ करून वाचले होते. परभणीच्या पाणीपुरवठ्याची बातमी अर्धीच होती, पुढं काय झालं असं विचारलं होतं.

---

हौ_भाई (संभाजीनगर)

म्हणजे यंदा पेपरचा दुसरा तुकडा पाठवायचा. भेट पूर्ण.

---

सांख्यिकी_सर (संभाजीनगर)

चिठ्ठ्या टाकण्याबद्दल. वाटीत सगळ्यांची नावं घालून एकेकानं उचलायची म्हटलं, तर कुणालाही स्वतःचंच नाव न येण्याची शक्यता साधारण ३७ टक्के. गंमत म्हणजे माणसं वीस असोत की दोनशे, आकडा जवळपास तोच राहतो. म्हणजे बहुतेक वेळा कुणीतरी स्वतःलाच भेट पाठवणार.

सोपा उपाय : नावं पिसून एका गोलात लिहा. प्रत्येकानं आपल्या पुढच्याला पाठवायचं, शेवटच्यानं पहिल्याला. कुणी सुटत नाही, कुणाला स्वतःचं नाव येत नाही आणि जोड्याही लागत नाहीत. एकाच गावातले लागोपाठ आले तर तेवढी नावं हलवायची.

---

खवट_पेढा

सर, स्वतःलाच भेट पाठवण्यात वाईट काय? आवडनिवड माहीत असते, पत्ता चुकत नाही, 'काहीही चालेल' लिहायची गरज नाही.

---

कोरडवाहू (कळंब)

मी यात नव्हतो, यंदाही नसेन. रागावू नका, पण कुणीतरी हेही लिहायला पाहिजे.

२०२५ च्या सप्टेंबरात आमच्याकडं काय झालं हे तुम्हाला माहीत आहे. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात, माती खरवडून गेलेली, दावणीची जनावरं वाहून गेलेली. त्याच दिवाळीत इथं आकाशकंदिलांचे फोटो येत होते. कुणाची चूक नाही. पण दिवाळी सोयाबीनच्या पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या पैशांवर होते, हे शहरात गेलेल्यांच्या ध्यानात राहत नाही. पट्टी झाली तर पोरांना कपडे. ३०० रुपये भेट आणि वर टपाल, हे तुम्हाला थोडं वाटतं, मला नाही वाटत.

---

गोदाकाठची

कोरडवाहूदादा, बरं झालं लिहिलंत. ३०० ही 'जास्तीत जास्त' म्हणून घातली होती, पण झालं असं की बरेच जण त्याच्या वरच गेले. यंदा पैशाची मर्यादा काढूनच टाकावी आणि 'घरात असलेलं किंवा केलेलं' एवढंच ठेवावं, असं माझ्या मनात आहे. तुमच्या शेतातलं बी, कागदावर लिहिलेलं काही, तेही चालायला पाहिजे.

---

कोरडवाहू

बी मात्र देईन. गावरान दोडक्याचं. पण पोस्टाचे पैसे?

---

डाकमामा

बियांच्या चार पुड्या जाड पाकिटात घातल्या तर वजन काहीच होत नाही, पत्रासारखं जातं. फक्त पाकीट शिक्का मारताना दाबलं जातं, म्हणून पुड्या पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत धरा. आणि पोस्टकार्ड अजून ५० पैशांना मिळतं, हे विसरू नका. नुसतं कार्ड आलं तरी मी भेट आली असंच धरीन.

पुस्तक देणार असाल तर १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांत, ५ किलोपर्यंत १०० रुपयांत. पण हुशार होऊन दिवाळी अंक त्यात घालू नका. नियतकालिकं आणि जाहिरातींचा मजकूर त्यात बसत नाही, आणि आपल्या दिवाळी अंकात जाहिरातीच जास्त.

हे पण सांगतो : फटाके, फुलबाज्या टपालात बंद. लवंगी माळसुद्धा नाही. दर वर्षी कुणीतरी खोक्यात 'मुलांसाठी' म्हणून घालतोच.

---

निळी_शाई

मामा, आता डिजिपिनपण आलाय ना? दहा अक्षरी. चार मीटर बाय चार मीटरची जागा नेमकी कळते म्हणे.

---

मोंढ्याचा_आप्पा

चार बाय चार म्हणजे आमची ओसरीवरची बाज. पोस्टमननं येऊन मला झोपेतनं उठवायचं काय?

---

हौ_भाई

आप्पा, उठवायचं नाही. भेट उशाशी ठेवून जायचं, सांतासारखं.

---

पुण्यात_लातूरकर

मी जरा मूळ मुद्द्यापासून लांब जातो, पण आप्पांनी वहीचा विषय काढला म्हणून लिहितो. आप्पा, वेळ अमावस्येला, आपल्या येळवसला, आपण काय करतो? शेतात कडब्याच्या कोपीत पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग बांधावरून जाणाऱ्या कुणालाही हाक मारायची, "या, भज्जी खाऊन जा." आलेला कोण, कुठला, परत कधी भेटणार, कुणी विचारतं का? आंबिलाचं मडकं त्याच्यासमोर ठेवायचं. लातुरात त्या दिवशी रस्ते ओस, सगळे शिवारात, आणि ज्याला शेत नाही त्यालाही चार शेतांत बोलावणं. त्याची वही कोण ठेवतं?

पुण्यात गेल्यापासून येळवस चुकते. ऑफिसात मार्गशीर्षाची अमावस्या सांगून सुट्टी मिळत नाही. आईनं एकदा उंडे (पिठाचे उकडलेले गोळे) बांधून दिले होते, एसटीतून येईपर्यंत वाळून दगड झाले. खाल्ले तरी.

---

बिंदुसरा

आमच्याकडं बीडात सगळीकडं येळवस नाही, पण अंबाजोगाईच्या बाजूला असते. एका मैत्रिणीच्या शेतात गेले होते. भज्जीत इतक्या प्रकारच्या शेंगा-पालेभाज्या असतात की नावं विचारता विचारता ताट संपलं. त्या दिवशी नंतर कुणी जेवत नाही, नुसते आडवे होतात.

---

मोंढ्याचा_आप्पा

येळवसचं बरोबर बोललात. पण ते शेतातलं असतंय ओ. घरच्या उंबऱ्याच्या आतलं आणि बाहेरचं वेगळं. बांधावरच्याला खाऊ घालणं निराळं आणि टपालानं घरात वस्तू येणं निराळं. वस्तू घरात राहती. रोज दिसती. दिसली की द्यायचं राहिलंय असं वाटतंय. भज्जी खाल्ली की संपली.

---

येसर_मेतकूट

आप्पा, हेच तर! मग खायचंच पाठवू. खाल्लं की संपलं, वहीत लिहायला काही उरत नाही. काकूंना विचारा, पटेल त्यांना.

---

खवट_पेढा

खव्यासाठी नावाजलेल्या भूमचा (जि. धाराशिव) म्हणून मी खव्यापुढं दुसरं काही सुचवू शकत नाही. कुंथलगिरीचा पेढा नीट भाजलेला असेल तर आठवडा सहज काढतो. फक्त प्लॅस्टिकच्या डब्यात गच्च बंद करू नका, घाम सुटतो. तुळजापूरला जाणारे येताना नेतात तसा पुठ्ठ्याचा खोका बरा. माझ्या नावात 'खवट' आहे ते स्वभावामुळं, पेढ्यामुळं नाही.

---

गोदाकाठची

बरं, आता तिसरा प्रश्न. ज्याला काहीच येत नाही त्याचं काय? ह्यावर अजून कुणीच बोललं नाही, सगळे सीताफळ आणि भज्जीत रमले.

---

पुण्यात_लातूरकर

रेडिटवर त्याची सोय होती. काही जण आधीच 'राखीव' म्हणून नाव देऊन ठेवायचे. मुदत उलटून गेली आणि एखाद्याला काहीच आलं नाही, की राखीवांपैकी कुणीतरी त्याला पाठवायचं. ज्यानं बुडवलं त्याला पुढच्या वर्षी खेळात घ्यायचं नाही. भांडण नाही, जाब नाही, नुसतं नाव यादीतून बाहेर.

---

सांख्यिकी_सर

राखीवात मला धरा. गोल मी लावीन, त्यामुळं सगळ्यांचे पत्ते माझ्याकडं येतील, हे ज्यांना नको असेल त्यांनी आताच सांगा. माझं म्हणणं, एखाद्या ताईंनी हे काम करावं. मुलींना ते सोयीचं पडेल.

---

निळी_शाई

+१. गोदाताईंनी करावं. आणि यादी कुठंही चिकटवायची नाही. ज्याला पाठवायचं फक्त त्याचाच पत्ता, खासगी निरोपातून. दिवाळी झाली की पत्ता पुसून टाकायचा.

---

बिंदुसरा

राखीवात मीही. सीताफळ पाठवणार नाही, घाबरू नका.

आणखी एक. मागच्या वर्षी ज्यांना आलं नाही, त्यातल्या एकीशी मी बोलले. तिला वस्तू न आल्याचं फार वाईट वाटलेलं नव्हतं. तिनं रोज दुपारी पोस्टमनची सायकल ओळखून बाहेर यायचं, तो नुसता मान हलवून पुढं जायचा आणि समोरच्या घरच्या बाया बघायच्या, ते तिला लागलं होतं. म्हणून मुदत ठरवाच. अमुक तारखेपर्यंत पाठवून पावतीचा नंबर गोदाताईंना कळवायचा. पाठवलं की नाही हे नंबरावरून कळेल, आणि नसेल पाठवलं तर राखीवाला दिवाळीआधीच कामाला लावता येईल.

---

डाकमामा

पावतीच्या नंबराची सूचना शंभर नंबरी. लक्ष्मीपूजनाच्या निदान दहा दिवस आधी पार्सल खिडकीवर पडायला हवं. दिवाळीच्या आठवड्यात सगळ्या देशाला एकदम भावाची आठवण येते. खेड्यातलं शाखा डाकघर दिवसातले चार-पाच तासच उघडं असतं, डाक सेवक एकटा, त्याच्या सायकलवर किती खोकी मावणार? त्यालाही घरी करंज्या तळायच्या असतात.

---

कोरडवाहू

पावतीचा नंबर साध्या पाकिटाला नसतो. माझं कसं?

---

डाकमामा

खरंय. साध्या पाकिटाचा माग लागत नाही. तुम्ही पाकिटाचा फोटो काढून गोदाताईंना पाठवा. तुमच्या शब्दावर चालेल.

---

गोदाकाठची

चालेल. मग असं करू. घटस्थापनेपर्यंत ज्यांना यायचं त्यांनी मला खासगीत कळवा : ओळखपत्रावरचं नाव, पत्ता (घरचाच पाहिजे असं नाही), पिन दोनदा तपासून, खायला काय चालत नाही, सध्या काय वाचताय किंवा ऐकताय, आणि घरात कशाची अडचण आहे. शेवटचं मुद्दाम घातलंय. लहान मूल आहे, मधुमेह आहे, मांजर सगळं फाडते, काय असेल ते. 'काहीही चालेल' लिहिलेला अर्ज परत येईल. पैशाची मर्यादा नाही, पण विकत आणलेली वस्तू नको. पुस्तकाला सूट. राखीवात सर आणि बिंदुसरा आहेत, अजून कुणी?

---

खवट_पेढा

राखीवात मी. पण मला अट आहे, माझ्या भेटीचा फोटो इथं टाकायचा नाही. लोकांना वाटेल मी बदललो.

---

हौ_भाई

माझ्या अर्जात : खायला सगळं चालतं, ऐकतो कव्वाली, अडचण एकच, वरच्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट बंद आहे. पोस्टमनभाई खालूनच आवाज देतो, अख्ख्या मोहल्ल्याला कळतं. तर नावाच्या जागी 'हौ भाई' लिहू नका, प्लीज.

---

मोंढ्याचा_आप्पा

गोदाताई, माझं नाव नको. हिचं घ्या. खायला सगळं चालतंय, मेथी सोडून. वाचायला चष्मा लागतोय, पण वाचती. अडचण म्हणजे ती आलेल्या माणसाला परत पाठवणारच, त्याला तुम्ही काही करू शकत नाही, मीबी नाही. पत्ता दुकानाचा. पिन ४१३५१२. चारशे तेरा. एकतीस न्हवं.